महाळुंग गच्चीवर जगतं, पाण्यातला चुना सांभाळला तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग तोंडावर आला की जालना, लातूर, परभणी, नांदेडच्या रोपवाटिकांबाहेर रस्त्याकडेला रोपांच्या पिशव्या मांडल्या जातात. मोगरा, जास्वंद, पेरू, कागदी लिंबू या नेहमीच्या रोपांत आता ‘बुद्धाचा हात’ अशी चिठ्ठी लावलेली एखादी पिशवीही असते आणि तिची किंमत बाकीच्यांच्या कितीतरी पट असते. पान चुरडून नाकाशी धरलं की त्या वासापुढे घासाघीस करायचं भान राहत नाही. रोप घरी येतं. दिवाळीपर्यंत त्याची पानं पिवळी पडतात आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेला कुंडीत नुसती काडी उरते. दोष मात्र सगळा आपल्याकडच्या उन्हाला दिला जातो.

ऊन हे दुसरं कारण. पहिलं कारण आहे आपल्या मातीत आणि बोअरच्या पाण्यात असलेला चुना. तो सांभाळला तर हे झाड मराठवाड्यातल्या गच्चीवर चांगलं फळतं. रोप विकताना हे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, पण शक्यतो न कापता छापावं ही विनंती. यातलं एखादं माप गळलं तर बाकीच्याचा उपयोग होणार नाही.

बुद्धाचा हात म्हणजे आपल्या महाळुंगाचाच एक प्रकार. साध्या महाळुंगाच्या फोडी एका सालीत बंद असतात. याच्या फोडी पहिल्यापासूनच एकमेकींपासून सुटतात आणि प्रत्येकीचं वेगळं बोट होतं. त्यात रस नसतो, बी बहुधा नसतंच. आत नुसता पांढरा गर आणि वर तेलाने भरलेली पिवळी साल. चीनमध्ये त्याला फोशौ म्हणतात, जपानमध्ये बुशुकान, आणि दोन्हीकडे ते देवापुढे ठेवलं जातं. पण महाळुंगाचं मूळ घर ईशान्य भारत आणि हिमालयाचा पूर्वेकडचा पायथा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात महाळुंग आहे. आपल्या वेरूळच्या बौद्ध लेण्यांत जंभाला या बौद्ध धनदेवाच्या मूर्ती आहेत, त्याच्या हातातलं फळही महाळुंगच. कागदी लिंबू हे महाळुंगाच्या परागापासून झालेलं संकरित झाड आहे. ज्या जांबेरीवर आणि रंगपूर लिंबावर आपल्या मोसंबीचं कलम बांधतात, त्या दोघांतही निम्मं रक्त महाळुंगाचं. हे फळ ‘विदेशी’ म्हणून विकलं जातं ते आम्हाला पटत नाही.

विकत घेताना ओळख पटवून घ्यावी, कारण महाळुंग म्हणून जांबेरी आणि ईडलिंबूही गळ्यात मारलं जातं. पानाचा देठ पाहावा. कागदी लिंबू, रंगपूर, जांबेरी यांच्या देठाला दोन्ही बाजूंनी अरुंद पट्टी म्हणजे पंख असतो आणि देठ जिथे पानाला मिळतो तिथे सांधा स्पष्ट दिसतो. महाळुंगाच्या देठाला पंख नसतो आणि सांधा नसल्यासारखाच असतो. पान सरळ देठातूनच रुंद होत गेल्यासारखं दिसतं. पानाच्या कडा दातेरी, कोवळी फूट जांभळट, कळीही बाहेरून जांभळट आणि उमलली की आतून पांढरी. एवढं जुळलं तर झाड महाळुंगाच्या घरातलं. ते बोटांचं आहे की साधं, हे मात्र पानावरून सांगता येत नाही. म्हणून ज्या मातृवृक्षावरून डोळे, म्हणजे कलमासाठीचे कोंब, घेतले, त्याचं फळ पाहायला मागावं. बियांपासून केलेलं रोप घेऊच नये. कागदी लिंबाच्या एका बीतून आईसारखी अनेक रोपं उगवू शकतात. महाळुंगाचं तसं नाही, त्याचं बी एकभ्रूणी असतं, म्हणजे एका बीत एकच कोंब, आणि रोप कसं निघेल याचा भरवसा नसतो.

आता चुन्याकडे. लिंबूवर्गाला सामू (पीएच) ६ ते ७ मानवतो. मराठवाड्यातल्या बऱ्याच जमिनींचा सामू ७.५ ते ८.५ असतो आणि खाली चुनखडीचे खडे सापडतात. अशा मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. मग नवी पानं फिकट पिवळी येतात आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसते. ही लोहाची कमतरता. शिरांमधले पिवळे पट्टे रुंद असतील, पानं लहान, अरुंद आणि शेंड्याला गुच्छासारखी एकत्र येत असतील तर जस्त कमी. दोन्ही खुणा आधी नव्या पानांवर दिसतात. जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर नत्र कमी, आणि जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरून बाकी पिवळं पडत असेल तर मॅग्नेशियम. नव्या आणि जुन्या पानांतला हा फरक न पाहता लोक शेणखत वाढवत जातात आणि रोग एकीकडे, औषध दुसरीकडे असं होतं.

मातीत चुना आहे का, हे घरीच कळतं. चमचाभर वाळलेली माती बशीत घ्या, तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर दहा-बारा थेंब टाका आणि बशी कानाशी धरा. चर्र असा बारीक आवाज आला, बुडबुडे दिसले, तर ती माती कुंडीत भरू नका. मुरूम आणि वाळू यांचीही हीच परीक्षा करा, कारण आपल्याकडच्या मुरमातही चुनखडी असते. बांधकामावरून उरलेली वाळू तर नकोच, तिच्यात सिमेंट मिसळलेलं असतं. सिमेंटची कुंडीही या झाडाला नको. राख आणि अंड्याच्या टरफलांची पूड हे दोन घरगुती ‘खत’ म्हणून सर्रास सांगितले जातात. इतर झाडांचं काहीही असो, आपल्या भागात लिंबूवर्गाच्या कुंडीत ते टाकणं म्हणजे आजार वाढवणं.

माती चांगली भरली तरी पाणी वर्षभर चुना आणत राहतं. कुंडीच्या कडेला आणि तळच्या भोकाशी जमणारा पांढरा थर तोच असतो. पाणी जड आहे की नाही हे टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या, यंत्रावरून पुरतं कळत नाही. पाणी तपासणीच्या अहवालात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असा रकाना असतो, तो पाहावा. जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी प्रयोगशाळेत ही तपासणी होते. हा आकडा लिटरला २ मिलीइक्विव्हॅलंटपर्यंत असेल तर पाणी तसंच वापरा. ६ असेल तर वरचे ४ मारावे लागतात. त्यासाठी किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड पुरतं. हिशेब असा: १०० लिटर पाण्याला प्रत्येक एका अंकामागे साधारण ७ ग्रॅम, म्हणजे चार अंकांना २८ ग्रॅम. १० लिटरच्या बादलीला हे पावणेतीन-तीन ग्रॅम होतं, सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडंसं जास्त. ढवळून सामूच्या कागदाने पाहा. ६ ते ६.५ आला की थांबा. हे पाणी त्याच दिवशी वापरा. साठवून ठेवलं तर त्यातले जिवाणू सायट्रिक ॲसिड खातात, पाण्याला वास येतो आणि गुण जातो.

सगळ्यात चांगलं पाणी अर्थातच पावसाचं. १० बाय १० फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस झाला की सव्वादोनशे लिटरच्या वर पाणी मिळतं, म्हणजे २०० लिटरचा ड्रम एका पावसात भरतो. झाकण घट्ट, पहिल्या पावसाचं धुण सोडून द्यायचं, आणि एका झाडासाठी असे दोन-तीन ड्रम भरून ठेवले तर दिवाळीनंतरचे बरेच दिवस निघतात. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे गच्चीवरच्या झाडासाठी पाण्याची तजवीज आधी आणि रोप नंतर, हा क्रम आम्ही आग्रहाने सांगू. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मृदू असतं, ते बादलीत धरून जरूर घाला. याउलट पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी क्षारांनी भरलेलं असतं आणि कूलरच्या टाकीत उरलेलं त्याहूनही वाईट, कारण दिवसभर पाणी उडून क्षार तेवढे मागे राहतात. ‘वाया कशाला घालवा’ म्हणून हे दोन्ही कुंडीत ओतलं जातं. फरशी धुवायला वापरा, महाळुंगाला नको.

कुंडीचं मिश्रण मापाने सांगायचं तर चुनखडी नसलेली हलकी तांबूस माती दोन घमेली, जाड धुतलेली वाळू किंवा विटांचा हरभऱ्याएवढा चुरा एक, कोकोपीट एक आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. क्रशरची बारीक भुकटी वाळू म्हणून घालू नका, ती आवळून बसते. काळी माती घालायचा मोह आवरा. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांबरोबर लिंबूवर्गाची वरवर पसरणारी बारीक मुळं तुटतात.

रोप थेट मोठ्या कुंडीत बसवू नये. आठ इंची पिशवीतलं रोप बारा इंची कुंडीत, वर्षभराने अठरा इंची. लहान मुळांभोवती भरपूर ओली माती राहिली की मुळं कुजतात. अठरा इंची कुंडीत साधारण ४५ ते ५० लिटर मिश्रण मावतं आणि पाणी पिऊन ती साठ-सत्तर किलोची होते, तेव्हा स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीवर किंवा तुळईवर ठेवावी. खाली दोन विटा द्याव्यात. भोकं बुजत नाहीत आणि तापलेला स्लॅब थेट मुळांना लागत नाही. लावताना कलमाचा सांधा मातीच्या किमान एक वीत वर राहिला पाहिजे. सांधा पुरला की महाळुंगाची साल ओल्या मातीला लागते आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, तिथूनच सुरू होतो.

या सांध्याखाली कोण आहे, हा प्रश्न आमच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. महाळुंग काडीपासून सहज मुळं धरतं. पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंटीमीटरची, गेल्या हंगामातली काडी घ्यायची; खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली; वर दोन पानं अर्धी कापून ठेवायची; टोक मुळं फोडणाऱ्या संजीवक पावडरीत बुडवून वाळू आणि कोकोपीटच्या समभाग मिश्रणात खोचायची आणि वरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालायची. आषाढ-श्रावणात सहा ते आठ आठवड्यांत मुळं येतात. हे सोपं आणि स्वस्त असल्यामुळे विक्रीची बरीच रोपं अशी स्वतःच्या मुळावर असतात. पण महाळुंगाची स्वतःची मुळं चुना आणि मूळकूज दोन्हीला नाजूक. मिश्रण आणि पाणी वर सांगितल्याप्रमाणे काटेकोर ठेवणाऱ्याने काडीचं रोप घ्यावं. अंगणात, जमिनीत लावायचं असेल तर रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मुळं देणाऱ्या रोपावर, बांधलेलंच हवं; हा खुंट क्षार, चुना आणि पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतो. जांबेरी ताण सोसतं, पण पाणी साचलं की डिंक्याला बळी पडतं. तीन पानांचा खुंट, म्हणजे देठावर बेलासारखी तीन दलं येणारा, थंड मुलखात नावाजलेला आहे. चुनखडीच्या जमिनीत तो लोहाअभावी पिवळा पडतो. ऑनलाइन मागवलेल्या रोपाच्या बुडातून तीन दलांची फूट निघाली तर तुमच्या झाडाखाली तोच आहे असं समजा.

ज्यांना हात चालवता येतो त्यांनी डोळा स्वतःच भरावा. पिकलेल्या रंगपूर लिंबाचं बी ताजंच पेरायचं, वाळलं की उगवण जाते. रोप पेन्सिलीएवढं झालं की नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, साल सुटत असताना, जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटरवर इंग्रजी टी अक्षरासारखा काप घ्यायचा, उभा काप सुमारे अडीच-तीन सेंटीमीटर. महाळुंगाच्या गोल झालेल्या हिरव्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढून सालीखाली वरून खाली सरकवायचा. महाळुंगाचा काटा डोळ्याच्या अगदी शेजारी असतो, तो आधी कापा, नाहीतर पट्टी नीट बसत नाही. पट्टी बांधताना डोळा उघडा ठेवायचा. तीन आठवड्यांनी पट्टी सोडल्यावर डोळा हिरवा असेल तर वरचा खुंट निम्म्यात वाकवायचा आणि फूट वीतभर झाली की कापायचा. त्यानंतर आयुष्यभर एक नजर बुडाशी. सांध्याखालून निघालेली प्रत्येक फूट कोवळी असतानाच बोटाने मोडायची. तिला पंखवाला देठ असतो, त्यामुळे ओळखायला अडचण नाही. ती राहिली तर दोन वर्षांत वरचं महाळुंग दबतं आणि घरात भलतंच लिंबू पिकतं.

पाणी किती, याला ठराविक उत्तर नाही. दोन इंच बोट खुपसा, कोरडं लागलं तर घाला, आणि घालाल तेव्हा तळातून थोडं बाहेर पडेपर्यंत घाला, म्हणजे क्षारही निघून जातात. चार-पाच फुटी झाडाला अठरा इंची कुंडीत मे महिन्यात रोज ३ ते ५ लिटर लागतं, थंडीत तीन-चार दिवसांतून एकदा. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका. पानं मलूल दिसली की सगळे पाणी ओततात. आधी माती पाहा. माती ओली आणि पानं मलूल असतील तर मुळं गेली आहेत. कडेची बारीक मुळी दोन बोटांत धरून हलकेच ओढा. वरची साल मोजा निघावा तशी सरकून हातात आली आणि आत दोऱ्यासारखा पांढरा गाभा उरला, तर ती मूळकूज आहे. अशा वेळी पाणी बंद, सडकी मुळं कापून नव्या कोरड्या मिश्रणात झाड हलवणं आणि तेवढ्याच प्रमाणात वरच्या फांद्या कमी करणं, एवढंच हातात उरतं.

आता ऊन. महाळुंग लिंबूवर्गातलं खरोखरच नाजूक झाड आहे. कडक ऊन आणि कोरडा वारा यांनी त्याची पानं आणि कोवळी फळं करपतात. मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, आणि ती पश्चिमेकडून खालपर्यंत आलेली हवी. काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात तापून मुळं शिजवते, तिला गोणपाट गुंडाळा किंवा बाहेरून पांढरा रंग द्या. मातीवर सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट दोन इंच, पण खोडापासून चार बोटं दूर. एप्रिलमध्ये छाटणी नको, उघडी पडलेली साल भाजते. मे महिन्यात रोप विकत आणून लावणं हीच मोठी चूक असते. लावायचा काळ जून अखेर ते ऑगस्ट.

खताला या झाडाला थोडं-थोडं आणि सारखं लागतं. जून, सप्टेंबर आणि फेब्रुवारीत निंबोळी पेंड १०० ग्रॅम. वाढ चालू असताना पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅमप्रमाणे ३ लिटर. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा अमोनियम सल्फेट १० ग्रॅम ओल्या मातीवर पसरून पाणी घालायचं, त्याने सामू थोडा खाली राहतो. लोहासाठी दुकानात ‘चिलेटेड लोह’ मागितलं की बहुधा पिवळसर तपकिरी भुकटी मिळते. ती ईडीटीए प्रकारची असते आणि चुनखडी मातीत पडली की निकामी होते. मागताना ईडीडीएचए असा शब्द सांगा. ते काळपट तांबड्या दाण्यांचं असतं आणि चिमूटभर पाण्यात टाकताच डाळिंबाच्या रसासारखा गडद लाल रंग उतरतो. जून आणि ऑक्टोबरमध्ये ३ ग्रॅम ३ लिटर पाण्यातून, संध्याकाळी, मातीत. नवी पानं हिरवी निघाली की लागू पडलं असं समजा. आधीची पिवळी पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही. जस्त मात्र ईडीटीएचं चालतं, कारण ते पानावर फवारायचं असतं, लिटरला १ ग्रॅम.

फुलं आली की घाबरून फोन सुरू होतात: ‘सगळी गळतात’. गळणारच. महाळुंगाला बरीचशी फुलं नुसती नर येतात. पाकळ्या सोडवून मधोमध पाहा. हिरवा गोळा आणि त्यावर दांडी नसेल तर ते फूल फळणारं नव्हतंच. बुद्धाच्या हातात तर पाकळ्या गळताच मुगाच्या दाण्याएवढ्या त्या हिरव्या गोळ्यावर बोटांच्या फटी दिसतात. मोसंबीसारखा ताण देऊन बहार धरायची गरज कुंडीत नाही, हे झाड वर्षातून अनेकदा फुलतं. फेब्रुवारीच्या फुलांची फळं दसरा-दिवाळीनंतर पिकतात आणि तीच ठेवावीत. रात्री गार असतात म्हणून साल पिवळीधमक होते. उन्हाळ्यात पिकणारं फळ गच्चीवर हिरवटच राहतं. चार फुटी झाडावर तीन-चार फळंच राखा आणि फांदीला काठीचा टेकू द्या.

किडींचं थोडक्यात. कोवळ्या पानावर चांदीच्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. फूट एक-दोन इंचांची असतानाच १०,००० पीपीएमचं निंबोळी तेल लिटरला ३ मिली, आठ दिवसांनी पुन्हा. वाकडी झालेली पानं कापू नका, ती झाडाला अजून अन्न देतात. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबाच्या फुलपाखराची, मोठी झाली की हिरवी होते. हाताने वेचणं पुरेसं. खोडावर डिंक दिसला तर तेवढी साल चांगल्या भागापर्यंत खरवडून बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद १०० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात आणि चुना १०० ग्रॅम अर्ध्या लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत, मग दोन्ही एकत्र. लोखंडी विळ्याचं पातं त्यात मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. हा चुना सालीवर राहतो, त्याची काळजी नको.

एका रोगाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तो शेजाऱ्याचं नुकसान करतो. सिट्रस सिल्ला नावाची तीळभर कीड कोवळ्या फुटीवर बसते आणि ग्रीनिंगचा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. जालना, अंबड, घनसावंगी, पैठण हा मोसंबीचा पट्टा आहे. तिथल्या बागांपासून हाकेच्या अंतरावर कोणाच्या गच्चीत आजारी रोप असेल, तर ते त्या घरापुरतं राहत नाही. ओळख अशी: पान मधल्या शिरेवर दुमडून पाहा. जस्ताच्या कमतरतेत दोन्ही बाजूंचे पिवळे डाग जुळतात, ग्रीनिंगमध्ये जुळत नाहीत, एका बाजूला डाग आणि दुसऱ्या बाजूला हिरवं. यावर औषध नाही. झाड मुळासकट काढून जाळावं लागतं. सिल्ला कढीपत्त्यावर आणि कामिनीवरही वाढते, तेव्हा फवारणी करताना शेजारची ती झाडंही धरा. परदेशातून येताना बॅगेत महाळुंगाच्या काड्या आणण्याचा मोह कोणी करू नये, असे रोग त्याच वाटेने येतात. विकतच्या रोपाला महिनाभर बाकीच्या झाडांपासून दूर ठेवणं हा साधा नियमही पुष्कळ वाचवतो.

फळ तयार झालं की घरात दुसरं अत्तर नको. तोडताना ओढू नये, कात्रीने देठ ठेवून कापावं. देठाशी जखम झाली की तिथूनच बुरशी येते. बैठकीच्या खोलीत ते आठवडाभर सहज दरवळतं. पांढरा गर कडू नसतो, त्यामुळे त्याचा पाक उत्तम होतो. अर्धा सेंटीमीटरच्या चकत्या, दोनदा पाणी बदलून दहा-दहा मिनिटं उकळायच्या, मग वजनाइतक्या साखरेच्या पाकात काचेसारख्या पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर. साध्या महाळुंगाचं लोणचं होतं तसंच याचंही होतं, फक्त रस नसल्यामुळे त्यात कागदी लिंबाचा रस घालावा लागतो.

शेवटी रोपवाटिकाचालकांना आणि संबंधित खात्याला एक मागणी. लिंबूवर्गाच्या प्रत्येक विक्रीच्या रोपावर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: खुंट कोणता, डोळा किंवा काडी कोणत्या झाडावरून घेतली, आणि बांधल्याचा महिना. मोसंबीचा शेतकरी हे विचारूनच रोप घेतो. गच्चीवाल्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ मोसंबीच्या कलमांचं काम करतंच. तिथल्या रोपवाटिकेत रंगपूर खुंटावरची महाळुंगाची शे-दोनशे कलमं दरवर्षी बांधली गेली, तर मराठवाड्यातल्या हौशी माणसाला परराज्यातून, कशावर बांधलंय ते ठाऊक नसलेलं रोप मागवावं लागणार नाही. यंदा डोळे भरायचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. खुंटाच्या रोपांची तयारी त्यासाठी आत्तापासून करावी लागेल.

आपले,
फळझाडांच्या कलमांचं काम करणारे काही वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड